छत्तीस बरण्या उकळल्या त्याची हकीकत

क्युस्तेंदिल शहर, इमारत नंबर चौदा, येथील समस्त थोर रहिवासी यांचे सेवेसी, तळमजल्यावर राहून सर्वांच्या चुलींचा धूर खाणारा हा लेखक याची विज्ञापना ऐसी की, गुदस्त जून महिन्यात चेरीच्या कंपोटाची जी थोर मोहीम इमारतीच्या पिछाडीस झाली, तिचे वर्तमान जो तो आपल्या सोयीने सांगू लागला आहे. दुसऱ्या मजल्यावरील मंडळी तर त्या दिवशी गावातही नव्हती, आणि सर्वांत जास्त तीच सांगतात. सबब आम्ही, ज्यांनी आद्यंत डोळ्यांनी पाहिले आणि ज्यांच्या दोरीवरील तीन चादरी त्या धुरात कामास आल्या, खरे तेवढेच लिहितो. कोणाचे निमक खाल्ले नाही; कंपोट मात्र प्यालो आहे.

तिसऱ्या मजल्याच्या धनीण वेलिकाबाई. चेरी, साखर आणि पाणी काचेच्या बरण्यांत भरावे, झाकणे आवळावी, बरण्या पिंपात उकळून तळघरात रचाव्या, आणि बर्फ पडले म्हणजे ते गोड पाणी पिऊन तळची फळे चमच्याने खावी, हा या मुलखाचा दस्तुर. आणि बाईंनी तो एकेचाळीस उन्हाळे एकहाती चालविला. ऐसे असता मे महिन्याच्या अखेरीस बाई पडदे काढावयास शिडीवर चढल्या आणि शिडीसुद्धा खाली आल्या, आणि उजवा पाय मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टरात गेला. मग चिरंजीव रुमेन राजधानी सोफियाहून मोटार पळवीत आले, आणि पाहतात तो तीर्थरूप पेन्कोराव, रेल्वेचे निवृत्त स्टेशनमास्तर, मातुश्रींस तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाव आणि लोणचे चारीत आहेत. तेव्हा चिरंजीवांनी हुकूम फर्माविला की, हिवाळ्याआधी उभयतांनी बिऱ्हाड मोडून सोफियास आठव्या मजल्यावर राहावयास यावे. तो आठवा मजला असा की, तेथे खाली पिंप मांडावयास वीतभर जागा नाही आणि शेजारी शेजाऱ्याचे नाव जाणत नाही. बाई हे ऐकून भिंतीकडे तोंड करून रडल्या. पेन्कोराव म्हणाले, घर मी सांभाळतो.

"बाबा, तुम्हाला अंडं उकडता येत नाही," रुमेन म्हणाले. "आणि घर सांभाळणार?"

हा शब्द पेन्कोरावांच्या जिव्हारी लागला. मग स्वयंपाकघरात खलबत बसले आणि तह ठरला तो ऐसा: रविवारी सूर्य मावळेतो पेन्कोरावांनी खासा छत्तीस बरण्या कंपोट सिद्ध करावे, वेलिकाबाईंनी तोंडातून अवाक्षर काढू नये, अक्षर निघाल्यास, अगर कंपोट बिघडल्यास, सामान बांधावे, सिद्ध झाल्यास चिरंजीवांनी सोफियाचे नाव पुनः काढू नये. बाईंनी मान्य केले. बाईंचे मौन इमारतीने पूर्वी एकदाच अनुभविले होते, दाढ काढली त्या दिवशी, आणि तेही अर्धा प्रहर टिकले.

रविवारी प्रातःकाळी कूच झाले. पेन्कोरावांनी बागेतून चार क्रेट चेरी आणून देठांची कत्तल आरंभिली, आणि दोन प्रहरांपर्यंत त्यांचे हात कोपरापर्यंत ऐसे लाल झाले की शेजारीणबाई जिन्यातूनच माघारी फिरल्या. मग बरण्या भरल्या, आणि साखर चमच्याने मोजून घातली, आणि हातयंत्राने झाकणे आवळली. मग पिंपाचे धनी दिमोजी दाखल झाले. हे पहिल्या मजल्यावरील गृहस्थ, फौजेत मुदपाकखान्यावर होते. आणि पिंप ज्याचे तो पिंपापाशी बसणारच, हा इमारतीचा कायदा, सबब चिरंजीवांसही हरकत घेता येईना. मग पिंपाच्या बुडाशी चिंध्या अंथरल्या, आणि छत्तीस बरण्या थरावर थर रचल्या, आणि वर पाणी, पाण्यावर फळी, फळीवर धोंडा, आणि खाली एका जुन्या कपाटाची दारे पेटविली. बाजूस मेज मांडून काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि राकियाची बाटली सज्ज केली, कारण त्या दारूवाचून या मुलखात पिंप उकळत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वेलिकाबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या, आणि शेजारी चिरंजीव पहाऱ्यास.

आता मुख्य प्रसंग. उकळी आल्यापासून पंधरा मिनिटे, ही बाईंची एकेचाळीस वर्षांची शिस्त, पेन्कोराव-दिमोजी उभयतांस तोंडपाठ होती. पाण्यात पहिला बुडबुडा आला आणि पेन्कोरावांनी खिशातील रेल्वेचे घड्याळ काढिले.

"उकळी आली. लावलं घड्याळ."

"ह्याला उकळी म्हणतात होय?" दिमोजी म्हणाले. "पाणी नुसतं खाकरतंय. सातशे माणसांचं मी उकळलंय, मला नको शिकवू."

"पहिला बुडबुडा म्हणजे उकळी. शिट्टी झाली की गाडी सुटली, आमच्याकडे असंच."

"म्हणून तर तुमच्या गाड्या रिकाम्या जायच्या."

हे रेल्वे खात्याचे अब्रूचे प्रकरण झाले. मग पेला भरून वाद झाला, आणि दिमोजींच्या मताप्रमाणे पाणी धडधडू लागले तेव्हा घड्याळ पुनः शून्यापासून लाविले. मग पेन्कोरावांस वाटले की मघाची मिनिटे फुकट का जावी, म्हणून वजाबाकी करू लागले, आणि वजाबाकीत पेला आडवा आला, आणि हिशेब चुकला म्हणून घड्याळ तिसऱ्यांदा लाविले. इतक्या अवकाशात पिंप पाऊण तास रणभेरीसारखे धडधडत होते, आणि वाफ आमच्या चादरींतून पार होऊन तिसऱ्या मजल्यास पोहोचली होती, आणि वरच्या थरातील झाकणे पाण्याबाहेर डोकावू लागली होती.

बाई वरून सर्व पाहात होत्या. हातरुमाल दातांत धरिला होता तो भिजला. डोळ्यांस पाणी आले, ते धुराचे म्हणावे तर वारा आमचे बाजूस होता. शेवटी त्यांनी कपड्यांचा चिमटा उचलून खाली सोडला. तो कोशिंबिरीत पडला. दिमोजींनी तो काढून चाटून बाजूस ठेविला आणि वारा सुटलाय म्हणाले. दुसरा चिमटा पेन्कोरावांच्या टोपीवर पडला, त्यांस तो कळलाही नाही. तेव्हा बाईंनी डाव्या पायातील सपात काढून नेम धरून मारिली, ती थेट बाटलीवर बसली आणि बाटली आडवी झाली. तेव्हा मात्र उभयतांनी वर पाहिले.

चिरंजीवांनी तह मोडल्याची हाकाटी केली. बाईंनी एक बोट तोंडाकडे नेले आणि एक अनवाणी पायाकडे, आणि मान ताठ केली. तहात अक्षर लिहिले होते, सपात लिहिली नव्हती. चिरंजीव वकिलाच्या कचेरीत नोकरीस, सबब हरकत मागे घेतली.

खाली पेन्कोरावांनी हातांनी निखारे ओढले आणि बोटे भाजून घेतली. दिमोजींनी तर घाबऱ्याघाबऱ्या थंड पाण्याची बादली पिंपात ओतली, आणि आत तडातड चार तोफा उडाल्या. चार बरण्या जागीच ठार झाल्या. पेन्कोराव पिंपाशेजारी मातीत बसले. आम्ही त्यांस बत्तीस वर्षे ओळखतो. त्यांची गाडी कधी उशिरा आली तरी ते असे बसले नव्हते.

सूर्य टेकडीआड गेला आणि एक बरणी वर नेऊन मेजावर ठेविली. रंग विटेचा. चेरी फुटून सालपटे वर, बिया तळाशी, मध्ये गढूळ. दरवाज्यात आम्ही आणि दिमोजी उभे, टोप्या हातात.

"बाबा, हे कंपोट नाही, सूप झालंय," रुमेन म्हणाले, आणि आवाज वाईट वाटल्याचाच होता. "मी शनिवारी येतो. फार काही बांधू नका."

 पेन्कोरावांनी झाकण काढले, आणि पट्टी बांधलेल्या हाताने पेला भरला, आणि बशी आणि चमचा मांडून बाईंच्या पुढ्यात सरकविला, जसा त्या एकेचाळीस हिवाळे इतरांच्या पुढ्यात सरकवीत आल्या. बाईंनी पेला तळापर्यंत रिता केला. सालपटे खाल्ली. एक एक बी बशीत टाकली. दिवसभराचे मौन संपले होते आणि आता काय कोसळते म्हणून दिमोजी आमच्यामागे सरकले.

"इतकं वाईट कंपोट मी जन्मात प्यायले नाही," बाई म्हणाल्या. "चेरीचा पार चेंदामेंदा केलायस. पण एकेचाळीस वर्षांत मला बसल्या जागी ते कुणी आयतं दिलं नव्हतं. घाल अजून, पेन्को."

मग बाईंनी चिरंजीवांस सांगितले की, लेका, साखर बरोबर आहे, झाकण घट्ट आहे, हिवाळाभर टिकेल, आणि फुटल्या त्या चार दिमोजींच्या बादलीच्या खाती. तुझ्या तहात यापरते काही होते का? चिरंजीवांनी आपला पेला पुढे केला.

येणेप्रमाणे, प्यालेली एक वजा जाता, एकतीस बरण्या तळघरात दाखल झाल्या आणि मोहीम फत्ते झाली, हे साक्षीनिशी नमूद केले असे. मग वेलिकाबाई बोलू लागल्या त्या जेवणे आटोपली तरी थांबल्या नाहीत, चिंध्या, धोंडा, दिमोजी, कोणालाही सोडले नाही. आणि पेन्कोराव समोर बसून शब्द न् शब्द ऐकत होते, जणू कोणी त्यांस ते घर बक्षीस लिहून देत आहे.