मुरू दे की गड्या

दस्तगीरचाचा नव्या चपला आधी जावयाला घालायला देतात. आठ दिवसांत जावई लंगडला नाही, की परत मागून घेऊन स्वतः घालतात. जावयाचा पाय एक नंबर मोठा, त्यामुळे चाचांच्या पायात चपला कायम फटाक फटाक वाजतात. पण चावत नाहीत, हे मान्य करायला हवं.

चाचा लष्करात सिग्नलला हवालदार होते. निवृत्तीनंतर ते कोरेगावात, आल्या-हळदीचे रोजचे भाव दाखवणारी आमच्या शेतकरी संघाची वेबसाइट सांभाळतात. ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर त्यांच्या ताब्यात आणि मी त्यांच्या हाताखाली. सांगलीत सहा महिन्यांचा कोर्स केल्यामुळे मला सगळंच येत होतं. एकदा मी हळदीचा भाव आल्यापुढे टाकला आणि दुपारपर्यंत दारात आल्याच्या पोत्यांची रांग लागली, तो अपवाद.

सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. नवी आवृत्ती स्थिर आहे, हे बनवणाऱ्यांनी जाहीर करून वर्ष उलटलं होतं. जुनीची दुरुस्तीही आता थांबणार होती. दर सोमवारी मी विषय काढायचो.

“आवं चाचा, आता तरी?”

“मुरू दे की गड्या. लोणच्याच्या बरणीत दुसऱ्याच दिवशी हात घालतोस व्हय रं?”

“वर्ष झालं चाचा. एव्हाना बरणी धुवून पालथी घातली लोकांनी!”

“मग लोणचं लय ब्येस असंल. बगू पुढच्या सोमवारी.”

सकाळी आल्या आल्या ते सर्व्हरच्या माहितीचं पान उघडायचे. तो किती दिवस अखंड चालू आहे, याचा आकडा तिथं दिसतो. चार अंकी आकडा होता. तो पुटपुटत वाचायचे, मान हलवायचे, मगच चहा. वीज गेली तरी तो बंद पडू नये म्हणून घरच्या ट्रॅक्टरची बॅटरी त्यांनी स्कूटरवर पायांत ठेवून आणली होती आणि सर्व्हरला जोडून ठेवली होती. मी हसायचो. लष्करी शिस्त, दुसरं काय!

मग ते भाचीच्या लग्नाला दोन दिवस आटपाडीला गेले. जाताना म्हणाले, “कशाला हात लावू नगंस.”

मी लावला. जुनं बंद केलं, नवं बसवलं, चालू केलं. अकरा मिनिटं. भाव जिथल्या तिथं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. त्या आनंदात मी एकट्यानं दोन भेळी खाल्ल्या.

चाचा परतले ते लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन. पान उघडलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा एकच होता, तोही एकचा.

“चाचा, स्थिर आवृत्ती! म्हटलं, तुम्ही येईपर्यंत...”

“बंद केलतास?”

“फक्त अकरा मिनिटं.”



“ह्येच्या उद्घाटनाला संघाचं अध्यक्ष आलंच न्हाईत वेळेत,” ते म्हणाले. “तुजी चाची माजा डबा घिऊन आल्ती. म्हटलं, दाब तूच बटन. कंप्युटरला कदी हात लावला न्हवता तिनं. बोटाला भाकरीचं पीठ तसंच. तिनं चालू केलं, आन् तवापास्नं चालूच हुतं.”

चाची त्याच वर्षी गेल्या, एवढं मला माहीत होतं.

“मी जुनं परत बसवतो चाचा,” मी म्हणालो. ही माझी अक्कल! आकडा पुन्हा एकापासूनच मोजला जाणार होता.

“ऱ्हाऊ दे. बरं केलंस. मुरलं हुतं कवाच. माजाच हात उचलत न्हवता.” त्यांनी लाडवांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी एक उचलला.

संध्याकाळी त्यांनी बॅटरी सोडवली आणि घरी नेली.

आता वीज गेली, की धावपळ मी करतो. चाचा बसल्या जागेवरून म्हणतात, “बस की गड्या. परत चालू करता येतंय.”