घोरपड, फणस आणि दोनशे चौदा

बर्मिंगहॅमच्या आमच्या कारखान्यात साडेसहा फूट उंचीचा, लाल मानेचा एक इंग्रज होता आणि त्याचं नाव घोरपड होतं. आईबापांनी त्याला रॉन म्हटलं होतं, पण ते नाव आता फक्त बायकोपुरतं उरलं होतं. फॅक्टरीत कुणी 'रॉन' अशी हाक मारली तर तो स्वतःच मागं वळून बघायचा, कोण नवीन आलाय म्हणून. साडेसहा फूट म्हणजे सहाच असेल. मी सांगायला लागलो की माणसं थोडी वाढतात, त्याला माझा इलाज नाही.

हे बारसं केलं होतं एलायजाकाकांनी. एलायजा नागावकर. मूळ अलिबागकडचे, वाढलेले भायखळ्यात, बेने इस्राएल म्हणजे आपले मराठी ज्यू, उंची पाच फूट, त्यात टोपीचे दोन इंच धरलेले. कारखान्याच्या टूल स्टोअरच्या खिडकीमागं ते बसत. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. म्हणजे यंत्रांची चित्रं मी काढायची, आणि ती यंत्रं बनवायला लागणारी हत्यारं काकांनी द्यायची. पद्धत अशी की प्रत्येक कामगाराकडं नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला. खिडकीवर बिल्ला द्यायचा, स्पॅनर न्यायचा. काका बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचे. स्पॅनर परत आला की बिल्ला परत. शिस्त इतकी की एकदा खुद्द मॅनेजरसाहेब बिल्ल्याशिवाय हातोडी मागायला आले, तर काकांनी त्यांच्याकडून डाव्या पायातला बूट काढून घेतला आणि तो खिळ्याला टांगला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण बुटाची जागा मला दाखवण्यात आली आहे.

बिल्ल्याच्या पुढच्या बाजूला नंबर. मागच्या बाजूला, अक्षरांचे पंच आणि हातोडी घेऊन, काका नाव ठोकून द्यायचे. पण सगळ्यांना नाही. फक्त बेसबॉल खेळणाऱ्यांना.

हो, बेसबॉल. आमच्या फौंड्रीचा फोरमन कॅनडातला होता. त्यानं पोरं गोळा करून, कारखान्यामागच्या मैदानावर संघ उभा केला. सामने रविवारी, कारण शनिवारी एलायजाकाका पेन्सिलीला हात लावत नसत, आणि काकांशिवाय स्कोअर लिहिणारा दुसरा कुणी जन्माला आलेला नव्हता. सब्बाथ काकांचा, पण त्यामुळं निम्म्या संघाचं चर्च बुडायचं, आणि तो निम्मा संघ काकांच्या धर्माला दुवा द्यायचा.

काकांना हे वेड लागलं मुंबईच्या गोदीत. लढाईच्या काळात ते तिथं पेट्या मोजणारे कारकून होते, आणि अमेरिकन सोल्जर दोन शेडच्या मधल्या जागेत खेळायचे. त्यातल्या एकानं काकांना खेळ समजावला, चार बेस म्हणजे चार उशा, त्या पळत गाठल्या की एक धाव, पण काकांच्या मनात घर केलं ते खेळानं नव्हे, खेळाडूंच्या टोपणनावांनी. टी-ब्रेकला फ्लास्कमधला चहा ओतत ते सुरू व्हायचे.

"चिखल्या हॅरी ठाऊक आहे काय रे तुला, श्रीधर? प्रत्येक बेसवर घसरत जायचा. जमीन कोरडी असो, ओली असो. त्याच्या लग्नात बायको पुढं उभी होती, तर हा पठ्ठा शेवटचे दहा फूट घसरत गेला."

"काहीतरीच काय, काका."

"आणि उद्या मलोनी! रोज संध्याकाळी सांगायचा, 'उद्या मारतो.' अकरा वर्षं सांगितलं. बाराव्या वर्षी मारला, तेव्हा तो बॉल कुणी झेलायला धावलंच नाही. सगळे बघतच राहिले."

मी पब्लिक लायब्ररीत जाऊन शोधलं. लायब्रेरियन बाईंनी माझ्यासाठी दोन कपाटं उपसली. ना हॅरी सापडला, ना मलोनी. परत येऊन काकांना सांगितलं, तर ते चिडले नाहीत. "पुस्तकं लिहिणारे मैदानात असतात होय?" म्हणाले. "जे बघत असतात ते नावं ठेवतात. लिहिणारे मागाहून येतात." थापा मारण्यात मी स्वतःला उस्ताद समजत होतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात टोपी काढली.

आमच्या संघाचं बारसं काकांनी अर्थात मराठीत केलं. इंग्रजीत नावं ठेवायची तर ती पोरांना कळली असती. रॉन बॉल पकडायला उभा राहायचा आणि एकदा पकडलेला बॉल त्याच्याकडून क्रेननं सोडवावा लागायचा, म्हणून घोरपड. पिचर, म्हणजे आमचा बोलर, हा अंगानं सगळा काट्यांचा आणि बोलायला लागला की गोड, म्हणून फणस. तिसऱ्या बेसवरचा डेनिस पोटात गेलेला राग सहा महिन्यांनी वर आणायचा, तो लोणचं. पोरं अर्थ विचारायची. काका टोपी सारखी करून सांगायचे, "घोरपड? किल्ल्याच्या भिंतीवर चिकटणारं जनावर आहे ते. लढवय्ये त्याला दोर बांधून गड चढायचे म्हणतात." रॉन आठवडाभर छाती काढून फिरला. लोणच्याला मात्र काकांनी अर्थ सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "जुनं झालं की किंमत वाढते."

आणि प्रत्येक जण बॅट घेऊन निघाला की काका पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून पुकारायचे, "नाऊ बॅटिंग... फ-ण-स!" कुत्री फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या बायकाही टाळ्या वाजवायच्या.

काकांचे नियम होते. नाव स्वतःचं स्वतः ठेवायचं नाही. नाव रंगावरून ठेवायचं नाही, देशावरून नाही, धंद्यावरून नाही. माणूस मैदानात काय करतो ते बघायचं, पुष्कळ दिवस बघायचं, आणि मग ठेवायचं.

हे नियम इतके कडक का, ते मला कळलं ते खिडकीशी उभं राहिल्यावर. कारण खिडकीवर येणारा प्रत्येक जण, त्यात घोरपड आला, फणस आला, लोणचं आलं, काकांना म्हणायचा, "ऑलराइट, चार्ली? हाफ-इंच स्पॅनर दे."

चार्ली हे काकांचं नाव नव्हतं. कारखान्यातल्या प्रत्येक इंडियन माणसाचं ते नाव होतं. लेथवरचा जालंधरचा सरदारजी चार्ली, झाडलोट करणारा सिल्हेटचा म्हातारा चार्ली. मीही पहिले सहा महिने चार्ली होतो. पोरं वाईट नव्हती. त्यांना बघायचा कंटाळा होता, एवढंच.

एकदा मी काकांना म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगत का नाही, तुमचं नाव एलायजा आहे म्हणून?"

"सांगितलं. पहिल्याच दिवशी. त्यांच्याच बायबलातलं आहे. म्हणाले, 'राइट यू आर, चार्ली.'" काका हसले. बिल्ले पुसत बसले. मग म्हणाले, "मुंबईत मला चार नावं होती रे. आई एलू म्हणायची. गोदीत बुटका मुकादम. शाळेतलं सांगण्यासारखं नाही. बायको तर माझं नावच घेत नसे, 'अहो' म्हणायची, पण ते 'अहो' माझं एकट्याचं होतं. एकेक माणूस गेलं आणि जाताना आपापलं नाव घेऊन गेलं."

त्यांचा स्वतःचा बिल्ला मी तेव्हा पाहिला. नंबर दोनशे चौदा. उलटा केला, तर मागची बाजू कोरी, आरशासारखी घासलेली.

"आणि मला का नाही ठेवलंत टोपणनाव?" मी विचारलं. "मी खेळत नाही म्हणून?"

"तुला कशाला?" काका म्हणाले. "तुला मी श्रीधर म्हणतो. दिवसातून एकदा तरी 'श्री' आणि 'ध' तोंडातून नीट निघाले म्हणजे जीभ जागेवर राहते."

मी त्यांना 'काका' म्हणत होतो. एलायजा म्हणणारं बर्मिंगहॅममध्ये कुणी नव्हतं, हे मला तेव्हा मोजून कळलं.

काका रिटायर व्हायच्या वर्षीची गोष्ट. सीझनचा शेवटचा सामना, नॉटिंगहॅमहून आलेल्या संघाशी. आमचा एक गडी आलाच नाही. त्याची बायको बाळंत होत होती. अंपायर म्हणाला, नऊ नसतील तर न खेळता हरलात. मग काकांनी स्कोअरबुक मिटलं, पेन्सिल माझ्या कानावर खोचली आणि म्हणाले, "श्रीधर, धर. आता तू लिही."

घोरपडीचा जादा शर्ट त्यांना चढवला. तो घोट्यापर्यंत आला. स्कोअरबुकात आठ नावं होती, सगळी टोपणनावं, काकांच्या वळणदार मराठी अक्षरात. नवव्या ओळीवर मी थांबलो.

"काका, इथं काय लिहू?"

"कोरं राहू दे."

"एलायजा लिहितो ना."

"ह्या वहीत खरं नाव नसतं. कोरं राहू दे म्हटलं ना."

नॉटिंगहॅमचा पिचर डबलडेकर बसएवढा होता, वरच्या मजल्यासकट. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेनं मागं, आमचे दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास, लोणचं तिसऱ्या बेसवर तंगड्या हलवत उभं, आणि बॅटिंगला एलायजाकाका. कर्णा तोंडाला लावायला कुणी नव्हतं. ते तसेच चालत गेले, न पुकारलेले.

दोन बॉल नुसते आवाज करून गेले. तिसरा काकांनी मारला असं ते आयुष्यभर म्हणत. खरं तर तो बॉलच बॅटवर येऊन आदळला आणि गवतातून घरंगळत निघाला. काका धावले.

आता इथं एक सांगायला हवं. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथंच टाकून पळायचं असतं. पण आमची पोरं मुळात क्रिकेटवाली, बॅट घेऊनच पळायची. ती सवय मोडायला काकांनी वर्षानुवर्षं बाउंड्रीवरून ओरडून घसा फोडला होता, "अरे टाक! बॅट टाक!" त्यामुळं 'टाक' हा एक मराठी शब्द आख्ख्या संघाला येत होता.

आणि काका धावले ते बॅट घेऊन. दोन्ही हातांत, छातीसमोर, उभी सरळ धरून. भायखळ्याच्या गल्लीतलं पन्नास वर्षांपूर्वीचं क्रिकेट त्यांच्या पायांत उतरलं होतं. आठ इंग्रज जीव तोडून ओरडत होते, "टाक! टाक, चार्ली, टाक!" काकांनी टाकली नाही. पहिला बेस दोन हातांवर आला तसे ते वाकले, आणि क्रीझमध्ये टेकवतात तशी बॅट त्या बेसच्या उशीवर टेकवली. बॉल यायच्या चांगला एक श्वास आधी. मग मान वर करून अंपायरकडं पाहिलं. बॅट टेकली होती. पाय मात्र बेसच्या दोन फूट मागं होता. बेसबॉलमध्ये पाय लागतो.

अंपायरनं बाद दिलं. लोणच्याची धाव गेली, सामना गेला.

काका धापा टाकत उभे राहिले. बॅटकडं पाहिलं, जणू ती त्यांच्या हातात दुसऱ्या कुणी दिली होती. "बरोबर आहे," अंपायरला म्हणाले. मग माझ्याकडं वळून मोठ्यानं, "बाद लिही." शर्ट काढून घडी केला, घोरपडीला दिला आणि बसस्टॉपकडं चालू लागले. त्यांनी स्कोअरबुकसुद्धा नेलं नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा.

शेडमध्ये पोरं बूट काढत बसली होती. मला वाटलं, आता शिव्या ऐकाव्या लागणार. पण घोरपड मला म्हणाला, "ती बॅट अशी का धरली होती रे त्यानं? चर्चमध्ये मेणबत्ती धरतात तशी?"

मी म्हटलं, मेणबत्ती नव्हे, चोपदारासारखी. आमच्याकडं राजाच्या दरबारात एक माणूस असे. हातात चांदीची काठी, अशी उभी. कोण मोठा माणूस आत आला की तो त्याचं नाव आणि किताब मोठ्यानं पुकारायचा. स्वतः मात्र दारातच उभा.

घोरपडीनं एक बूट हातात धरून ठेवला होता. तो म्हणाला, "म्हणजे... बॅटचं राहू दे. आपली नावं पुकारत तो एरवीही हेच करतो की."

फणसानं मला विचारलं, "स्पेलिंग काय त्याचं?"

सोमवारी सकाळी काका यायच्या आधी मी दोनशे चौदा नंबरचा बिल्ला फळीवरून उचलला. चोरीच ती. घोरपड टूल स्टोअरच्या खिडकीवर आला, आपला बिल्ला दिला आणि अक्षरांचे पंच मागितले. काकांनी मान वर न करता दिले. तासाभरानं तो परत आला. मागं सगळा संघ, आणि संघाच्या मागं विनाकारण मी.

"ऑलराइट..." घोरपड म्हणाला, आणि 'चार्ली' तोंडापर्यंत आलेलं गिळलं. पंचांची पेटी ठेवली, आणि वर बिल्ला ठेवला, पालथा.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. अक्षरं तिरकी होती, एक तर अर्धंच उमटलं होतं. CHOPDAR. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू ठेवलंस?"

"शब्द माझा. नाव त्यांनी ठेवलं."

काका वळले आणि मागच्या कप्प्यातले हाफ-इंच स्पॅनर मोजायला लागले. एकूण चौदा होते. ते मोजायला त्यांना एवढा वेळ लागला की रांग कँटीनच्या दारापर्यंत गेली. रांगेतून कुणी घाई केली नाही, आणि ते त्या कारखान्यात पूर्वी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग त्यांनी बिल्ला खिळ्याला अडकवला. नियमाप्रमाणं नंबर बाहेर दिसायला हवा होता. त्यांनी नाव बाहेर ठेवलं.

"स्कोअरबुक आणलंयस?" मला विचारलं. मी कोटातून काढून दिलं. नवव्या कोऱ्या ओळीत, माझ्याच कानावरची पेन्सिल घेऊन, त्यांनी मराठीत लिहिलं, 'चोपदार'. पुढं माझं 'बाद' होतंच, ते गिचमिड. त्याच्या पुढं, जिथं रकानाच नव्हता तिथं, त्यांनी आणखी एक शब्द लिहिला. 'हजर.'

वही मिटली, चष्मा खाली ओढला आणि खिडकीवरच्या घोरपडीला म्हणाले, "बोल बाबा, काय पाहिजे?"

सरळ मराठीत. साडेसहा फुटी इंग्रजानं जराही न अडखळता सांगितलं, "हाफ-इंच, चोपदार."