कामाक्षीच्या चार चौकटी

कामाक्षी अमेरिकेला गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी एक लहानसा निश्चय केला : आपणही कॉम्प्युटर शिकायचा. वय पंचावन्न, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कचेरीत कॉम्प्युटर आलेला होता, पण त्यावर कायम प्लास्टिकचं आवरण असे आणि ते आवरण माझ्या ताब्यात होतं. (म्हणजे तांत्रिक अनुभव अगदीच नव्हता, असं नाही.)

कारण घरगुती होतं. लेकीच्या, वरलक्ष्मीच्या बाळंतपणासाठी कामाक्षी सहा महिने न्यू जर्सीला गेली होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. लांबचा कॉल, पाच मिनिटांत आवरायचा. त्यात ती चार प्रश्न विचारी. मामंजी कसे आहेत? विहिरीवरची मोटर चालते का? मोगऱ्याला पाणी घालता का? आणि तुमचं ब्लडप्रेशर? चार उत्तरं देईपर्यंत ‘बरं, ठेवते’ होऊन जाई. मला जे बोलायचं असे, ते राहून जाई.

तसं विशेष काही बोलायचं नव्हतं. सकाळी कापी, म्हणजे कॉफी, करताना मी अजून दोन लोटे काढतो आणि मग एक परत मांडणीवर ठेवतो, एवढंच. संध्याकाळी घरी आलो की सायकलची घंटी वाजवतो. ती ऐकून दार उघडायला कुणी येत नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या शहाऐंशी वर्षांच्या वडिलांना, देवळातला नगाराही ऐकू येत नाही, तर घंटी कुठली. एकतीस वर्षांच्या संसारात ‘तुझी आठवण येते’ असं म्हणायची वेळच आली नव्हती. ती पापनाशमला माहेरी गेली, तरी तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसने परत.

तेव्हा मी असा विचार केला की चार उत्तरं आधीच तिच्यापर्यंत पोचली, तर फोनची पाच मिनिटं माझी. लेकीच्या घरी इंटरनेट होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला नवं ब्राउझिंग सेंटर उघडलं होतं आणि तिथे लावण्या नावाच्या बाई वेबपान करायला शिकवत. बाई आमच्यातल्याच, तंजावरी मराठी घरातल्या, पण शिकवताना मधूनमधून तमिळ आणि इंग्रजीत शिरत. मी निम्मं समजून घेई आणि निम्म्याला मान हलवी.

महिनाभरात पान तयार झालं. चार चौकटी : अण्णा, मोटर, मोगरा आणि मी. प्रत्येकीत एकच मजकूर, ‘सगळं ठीक’. मजकूर इंग्रजीत. (आमच्या घरी मराठी बोलतात सगळे, लिहिता मात्र कुणालाच येत नाही.)

लावण्याबाईंनी पान पाहिलं. “सर, एकच मजकूर चार वेळा कसाला लिहिला?”

“चार चौकटी आहेत ना.”

“माहिती एका जागी ठेवावी, सर. वेगळी फाईल करा. चौकटींनी तिथून वाचून घ्यावं. मग एकदा बदललं की सगळीकडे बदलतं.”

मला हे फार पटलं. कचेरीत एका पत्राच्या चार प्रती काढण्यात माझं तारुण्य गेलं होतं. मी त्याच दिवशी वेगळी फाईल केली. तिच्यात एक नाव ठेवलं, ‘स्टेटस’. त्या नावापुढे ‘सगळं ठीक’ लिहिलं आणि चारही चौकटी त्या एका नावाला जोडून दिल्या. (बाईंनी जागा एक सांगितली होती. नावही एकच पुरेल, हे माझं स्वतःचं संशोधन.)

दोन आठवडे पान उत्तम चाललं, कारण खरोखरच सगळं ठीक होतं.

मग एका मंगळवारी सकाळी मोटर बंद पडली. दुरुस्तीवाल्याने ती काढून नेली आणि गुरुवारी नवी बसवतो म्हणाला. संध्याकाळी मी सेंटरवर जाऊन इमानदारीने ‘स्टेटस’ बदललं : ‘मंगळवारी सकाळी बंद. घरातून हलवले. गुरुवारी नवीन येणार.’ इंग्रजीत अशा वाक्याला लिंग नसतं. असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

बुधवारी सकाळी मी मागच्या विहिरीवर पोहऱ्याने पाणी काढत होतो, त्यामुळे फोन वाजलेला ऐकला नाही. पुढे ओट्यावर अण्णा इडली खात बसले होते. त्यांनी तर नाहीच ऐकला. पाणी घेऊन पुढे आलो, तो शेजारच्या गल्लीतला गुरुराज, माझा शाळेपासूनचा मित्र, हातात चमेलीची मोठी माळ घेऊन उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो अण्णांकडे बघत होता.

“माळ कुणाला रे?” अण्णांनी विचारलं.

गुरुराज खोटं बोलत नाही. “तुम्हालाच,” तो त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणाला.

अण्णांनी हात पुसले, मान पुढे केली आणि माळ घालून घेतली. “आज काय आहे?” त्यांनी मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं.

गुरुराजने मला बाजूला घेतलं. वरलक्ष्मीने त्याला रडत फोन केला होता. पानावर अण्णांच्या चौकटीत ‘मंगळवारी सकाळी बंद’ आलं होतं. “घरातून हलवलेसुद्धा, आणि मला निरोप नाही,” गुरुराज म्हणाला. “फक्त गुरुवारी नवीन येणार म्हणजे काय, ते काही कळेना.”

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. कामाक्षी होती.

“मामंजी?”

“इडली खातायत. मोटर गेली. चुकून सगळीकडे तेच लागलं.”

ती म्हणाली, “तुमच्या चौकटीतही तेच होतं. ते वाचलं तेव्हा जरा धीर आला. दोघंही गेलात, तर लिहिलं कुणी?” मला त्याच वेळी बोलायचं होतं, पण ती म्हणाली, “आधी ते नीट करा.” फोन ठेवला.

लावण्याबाईंनी फाईल पाहिली. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “जागा एकच, सर. पण आत चौघांना चार नावं द्यायची. ज्या चौकटीला जे नाव, तिने तेवढंच वाचायचं.” शनिवारपर्यंत चौघं आपापल्या चौकटीत सुखाने नांदू लागले. मोटर नवी, बाकी सगळं ठीक.

रविवारी फोन आला. “पान बघितलं,” कामाक्षी म्हणाली. “सगळं कळलं.”

आता विचारायला तिच्याकडे काही नव्हतं. पाच मिनिटं समोर मोकळी पडली होती. तारेतून समुद्रासारखी घरघर येत होती. मी घसा साफ केला.

“कामाक्षी, तू नाहीस तर घरात करमत नाही. फार आठवण येते.”

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

“ऐकलंस का?”

“ऐकलं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही जरा आडवे व्हा. मी ठेवते.” आणि लगेच ठेवला.

मला वाटलं, तिचा गळा दाटून आला असणार. मी तसाच हसत आडवा झालो.

अर्ध्या तासात दाराशी ऑटो थांबली. आत गुरुराज. “चल, डॉक्टरांकडे. वहिनींचा फोन होता. तू काहीतरी भलतंच बोललास म्हणे.” मी समजावायला गेलो, तर त्याने दंड धरून मला आत बसवलं.

डॉक्टर चिदंबरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. ब्लडप्रेशर अगदी बरोबर निघालं. “मग त्रास काय होतो?”

माझ्याआधी गुरुराजने सांगून टाकलं, “बायकोची आठवण येते म्हणतो.”

डॉक्टरांनी गंभीरपणे कागद पुढे ओढला. “यापूर्वी कधी असं झालं होतं?”

“नाही,” गुरुराज म्हणाला. “एकतीस वर्षांत पहिलाच झटका.”