आक्कांना पाणी विचारलं नाही

आमच्याकडे कूज पाहुणी म्हणून आली ती आमच्या ह्यांच्या मामांच्या जुन्या चौकटीतून, आणि आल्या आल्या तिने पाणी घेतलं.

यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्या आंबोलीत दार उघडं दिसलं की धुकंसुद्धा आत येऊन बसतं, मग कुजेनं काय घोडं मारलंय! मामांचं घर पाडलं तेव्हा ह्यांनी तिथली एक चौकट टेम्पोत घालून आणली. "असं लाकूड आता मिळत नाही," म्हणाले. जन्मभर वनखात्यात नोकरी केलेला माणूस, त्याच्याशी लाकडावरून कोण डोकं लावणार? न्हाणीघराला लागून, जिन्याखाली, अडगळीची एक खोली आहे. तिला ती चौकट बसवली.

पावसाळा सरत आला आणि त्या खोलीतून अळंब्यांचा वास यायला लागला. मला वाटलं, ह्यांनी रानातून अळंबी आणून ठेवली आणि विसरले. सगळे डबे उघडून पाहिले, काही नाही. मग फळीवर तांबूस भुकटी दिसली. तिखट सांडलं असेल म्हणून पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मी वैतागून म्हटलं, "कोण सांडतंय हे मेलं?"

"मी गं," चौकटीतून आवाज आला. "जरा पसरायची सवय आहे. राग मानू नकोस."

वाकून बघितलं. चौकटीच्या कोपऱ्यात घावन चिकटवावं तसं काहीतरी होतं, कडेनं पांढरं, मध्ये गंजाच्या रंगाचं. त्यातून कापसासारखे धागे निघून भिंतीवर गेले होते. मी ह्यांना हाक मारली.

ह्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "मामांकडच्या का?"

"तुझी मुंज झाली तेव्हा मी मागच्या दारात होते," ती म्हणाली. "लाडू खाऊन तुझं पोट बिघडलं होतं."

"अहो, म्हणजे आक्काच की!" हे म्हणाले. झालं. नातं ठरलं, आणि मला या वयात एक नणंद मिळाली.

मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "म्हणजे आक्का, तुम्ही वाळवीपैकी का?"

आक्कांना ते भयंकर लागलं. "वाळवी? मातीच्या नळ्या बांधत येणारी ती जमात! आमच्यात माती नसते, शालन. आम्ही भुकटी ठेवतो. आणि भिंतीतून जाताना विटेला तोंडसुद्धा लावत नाही. वीट म्हणजे आमचा नुसता रस्ता."

मी माफी मागितली. नणंद ती नणंद.

खाण्यापिण्याच्या बाबतीत आक्का अगदी नीटस होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. लाकूड आतून घ्यायच्या आणि वरचा रंग तसाच ठेवायच्या. पाहुण्यानं घराची शोभा बिघडवू नये, असं त्यांचं मत. आतलं लाकूड मात्र काळपट पडून सुकायचं, आणि वड्या थापून सुरीनं रेघा माराव्यात तसं उभं-आडवं तडकायचं. एक वडी उचलली तर हाताला वजनच नाही. बोटांत चुरली की पीठ.

आणि आमचे हे! आग्रहाला कमी पडतील तर शपथ.

"लाजू नका आक्का, ती फळी अजून तशीच आहे."

"पोट भरलं रे."

"असं कसं? एक तरी घ्या. बरं, फळी नको तर खिडकी घ्या."

आक्का नको नको म्हणायच्या आणि घ्यायच्या. फळी गेली, खिडकी गेली, माझ्या माहेरचा पाट गेला. मी तेही चालवून घेतलं. पाटावाचून माझं काही अडत नव्हतं. माझा जीव अडकला होता तो जिन्यात.

जिन्यावरच्या माडीत माझा शिवणाचा वर्ग आहे. मुलं मार्गी लागली, सासूबाईंचं करून झालं, तेव्हा कुठे मला घरात माझी म्हणावी अशी ती एक खोली मिळाली. चार मशिनं, मोठी खिडकी, आणि दुपारी गावातल्या मुली येऊन नुसता कलकलाट करतात. त्या वेळात मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते, मी बाई असते. 'बाई, काज नीट झालं का बघा' म्हणतात ना, ती बाई. आणि वर जायला त्या लाकडी जिन्याशिवाय दुसरी वाट नाही.

म्हणून मी रोज सकाळी कात्रीच्या मुठीनं एकेक पायरी ठोकून बघायची. लाकूड बरं असलं की आवाज भरीव येतो. एक दिवस पहिली पायरी डबडब वाजली, रिकाम्या डब्यासारखी. मशिनचा पेचकस टोचून पाहिला तर पिकल्या पपईत जावा तसा आत गेला.

मी ह्यांना सांगितलं, "तुमच्या आक्का जिन्यापर्यंत आल्यात."

"मग?"

"मग काय? त्यांना सांगा, जिना सोडून काय ते घ्या."

"पाहुणीला असं सांगायचं?" ह्यांचा चेहरा पडला. "आपल्याकडे पद्धत नाही."

शेवटी मीच ग्रामसेवकांना बोलावलं. तळवणेकर भाऊसाहेब मोठे कायदेशीर माणूस. आले, लाकडाची खुर्ची बघून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि चौकटीकडे तोंड करून चौकशी सुरू केली.

"मुक्काम किती दिवस?"

"आहे आपला," आक्का म्हणाल्या.

"पाहुण्या की भाडेकरू?"

"पाहुणी."

"जेवण कुठलं?"

"घरातलंच."

"घरातलं, की घर?"

"घर."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, भाडेकरू असत्या तर काही करता आलं असतं. पाहुण्याला उठवायचा अधिकार सरकारनं कोणालाच दिलेला नाही. पाहुण्यानं आपण होऊन उठलं पाहिजे." एवढं सांगून ते तांब्याभर पाणी प्याले आणि निघाले. जाताना आक्कांना म्हणाले, "कधी पंचायतीकडे या." ह्याला म्हणतात सभ्य माणूस.

पुढच्याच आठवड्यात वर्गातली रेश्मा गावडे वर चढताना तिचा पाय तिसऱ्या पायरीतून आरपार गेला. पोरगी धडधाकट, नुसतं खरचटलं, आणि ती हसतच सुटली. पण तिची आई हसली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांतून निरोप आला: जिना धड होईपर्यंत मुली येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर इतकं चिडीचूप होतं की मला रडू आलं. पदरात तोंड घालून रडले. मग डोळे पुसले आणि तरातरा जाऊन चौकटीसमोर बसले.

"आक्का, वाईट वाटून घेऊ नका, पण जिना माझा आहे."

"अगं मग बोलायचंस की!" आक्कांना खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं, माझं येणं तुला आवडलंय. माझी एवढी सरबराई तर मामांकडेसुद्धा झाली नाही."

"मी कसली सरबराई केली?"

"दिवसरात्र पाणी विचारतेस. न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत ठिबकतोय ना? पहिल्या दिवसापासून एक क्षण थांबला नाही. लोक मला कोरडी कूज म्हणतात, पण पाण्यावाचून मी कुठेच बसत नाही गं. इथून पाणी घेते आणि जिन्यापर्यंत बरोबर नेते. आणि मला वारा सोसत नाही, हे कुणाला न सांगता कळलं तुम्हाला. जोत्याचे झरोके गोणपाटानं बुजवलेत. इतकं कोण करतं पाहुण्यासाठी?"

गोणपाट ह्यांनी थंडी वाजते म्हणून कोंबलं होतं. नळाचा तर आम्हाला पत्ताच नव्हता. मी तशीच उठले आणि बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे काय करायचं म्हणतेस?" ह्यांनी घाबरून विचारलं. त्यांना कळलं होतं.

"पाणी विचारायचं नाही."

"शालन! दारात आलेल्या कुत्र्यालाही आपण पाणी ठेवतो. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. 'साधं पाणीसुद्धा विचारलं नाही' म्हणतील लोक."

"म्हणू देत. आक्कांना पाणी हवं की मला जिना हवा, ते तुम्ही ठरवा. इतकी वर्षं या घरात आल्यागेल्याला पाणी मीच दिलंय, तुम्ही नाही. तेव्हा बंदही मीच करणार."

ह्यांनी टोपी घातली आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसले. बघवणार नाही म्हणाले, आणि मग रोज सकाळी तिकडेच जायला लागले. मी सावंतवाडीहून नळवाला आणला. त्यानं भिंत फोडून कुजका पाइप काढला आणि नवा घातला. झरोक्यांतलं गोणपाट मी स्वतः ओढून काढलं. आत वारा आला, मग ऊनही आलं. मी हातात हुकाचं काम घेऊन आक्कांसमोर बसले.

पहिल्या दिवशी आक्का म्हणाल्या, "आज ऊन छान पडलंय, नाही?"

"हो," मी म्हटलं.

पुढे म्हणाल्या, "घसा जरा कोरडा पडल्यासारखा वाटतोय."

"हवा बदललीय," मी म्हटलं.

माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच ठाऊक. आईनं लहानपणापासून वळण लावलेलं, पाहुणा दिसला की तोंडातून आपोआप 'पाणी आणू?' निघायचं. तो शब्द जिभेवर येऊन बसायचा आणि मी तो गिळायची. एकदा तर निम्मी उठलेसुद्धा. मग वर माडीकडे पाहिलं आणि खाली बसले.

"मी कोरडी पडूनही राहू शकते हो," आक्का एक दिवस म्हणाल्या. "वर्ष वर्ष राहू शकते."

"राहा ना. मीही बसलेय."

 आक्कांच्या पांढऱ्या कडेवर बारीक थेंब जमले. "नको," त्या म्हणाल्या. "पाणी विचारत नाहीत तिथे आमच्यासारख्यांनी राहू नये. येते मी."

मलाही भरून आलं. कशीही असली तरी पाहुणी होती, आणि माझ्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती. मी हळदकुंकू लावलं, ओटी भरली. नारळ मात्र ठेवला नाही, त्यात पाणी असतं. सुक्या खोबऱ्याची वाटी ठेवली. आक्कांच्या ते लक्षात आलं. "शिकलीस हो," त्या म्हणाल्या.

एवढ्यात हे थांब्यावरून परत आले. आक्का निघाल्यात म्हटल्यावर त्यांच्या अंगात पुन्हा यजमान संचारला. सुतार बोलावला होता, तो कुजलेल्या पायऱ्या काढायला लागला, तर हे म्हणाले, "थांब. पाहुण्याला उंबऱ्यातून निरोप देतात काय? जिथवर आक्का पोचल्यात तिथून हातभर पुढेपर्यंत काप. अर्ध्यात सोडलं तर परत फिरतील."

"अहो, पुढचं लाकूड चांगलं वाजतंय!" मी म्हटलं.

"असू दे. पोचवायचं तर रीतसर पोचवायचं."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा पाहुणचार माझ्या कामी आला. चौकट, पायऱ्या, खिडकीची उरलीसुरली दांडी, सगळं आक्कांसकट टेम्पोत चढलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "कुठे सोडू?" आक्का म्हणाल्या, "कुणी पाणी विचारेल तिथे." टेम्पो ग्रामपंचायतीसमोरून गेला, तेव्हा तळवणेकर भाऊसाहेब व्हरांड्यात उभे होते. कचेरीचं छप्पर कित्येक पावसाळे गळतंय. भाऊसाहेब म्हणाले, "अरे, आक्का! आत या, पाणी घेणार?"

आमचा जिना नवा झाला. मुली परत आल्या. रेश्मा पहिल्याच दिवशी तिसऱ्या पायरीवर दाणदाण नाचली, आणि मी तिला ओरडलेसुद्धा नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पाणी मीच विचारते, पण आधी आल्यागेल्याच्या पाठीवर बोटानं ठोकून बघते. भरीव वाजलं की तांब्या पुढे. सुरुवातीला लोकांना जरा नवं वाटलं. आता उंबऱ्याशी आले की आपण होऊन पाठ वळवतात, ठोकून घेतात आणि मग चपला काढतात.

परवा भाऊसाहेब ग्रामसभेचं सांगायला आले. वर मशिनं चालू होती, रेश्मा कुणाला तरी दोरा ओवायला शिकवत होती. भाऊसाहेबांनी रीतसर पाठ फिरवली. मी ठोकलं. आवाज डबडब आला, आणि बोटाला थोडी तांबूस भुकटी लागली.

"बसा," मी म्हटलं, आणि त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. हे सवयीनं तांब्याकडे निघाले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तसे खाली बसले.

भाऊसाहेब जरा वेळ इकडेतिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज ऊन छान पडलंय, नाही?"

"हो, छान पडलंय," मी म्हटलं, आणि पाणी विचारलं नाही.