याकोबकाका हवाली करतात

उदगीरच्या भाजीबाजारात भर गर्दीत एखादा माणूस हातातल्या दोन्ही पिशव्या रस्त्यावर ठेवतो, त्यांच्यावर छत्री आडवी टाकतो, रिकामे तळहात पोटासमोर उघडे धरतो आणि डोळे मिटून उभा राहतो, तर खुशाल समजावं, हे आमचे याकोबकाका. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून बेजार होतो. भाजीवाल्या बाया मात्र "थांब रं, काका हवाली करायलेत," म्हणत त्यालाच दटावतात. मिनिटभरानं काका डोळे उघडतात, "हवाली!" म्हणतात आणि पिशव्या उचलून चालू लागतात. तोवर एखाद्या गायीनं कोथिंबिरीची जुडी प्रसाद म्हणून घेतलेली असते.

काका आमचे शेजारी. सारी हयात डाळीचा ट्रक चालवण्यात गेली. माल उतरवून मालकाच्या हवाली केला की ड्रायव्हर मोकळा, हे त्यांच्या धंद्याचं सूत्र, आणि प्रार्थनाही ते त्याच सूत्रानं करतात. काळजी आली की प्रभूच्या हवाली. तोंडानं एक अक्षर नाही. "मागायचं काय त्यात? त्याला ठावं हाय समदं. आपण निस्तं हात रिकामे करून उभं ऱ्हायचं." ट्रक चालवताना हात कसे रिकामे करत होता, असं मी एकदा विचारलं. "येडा हाईस का? गाडी बाजूला घिऊन!"

मी पडलो लिंगायत, किराणा दुकानदार. आमची पूजा इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन होते. त्यामुळं त्यांना डिवचायची मला सवयच लागली होती. "काका, आमचा देव हातावर येऊन बसतो. तुमचा मात्र भरलेला हात बघून माघारी जातो का?"

"तुझा बी हात आधी रिकामाच करावा लागतो की, शिवा."

मी त्यांना चहा पाजला.

माझ्या दुकानासमोर दुसरं झकपक दुकान झालं, तेव्हा मी रोज त्यांच्यापाशी रडगाणं गात असे. त्यांनी मला हात उघडायला लावले. दुसऱ्या दिवशी मी परत तेच सुरू केल्यावर चिडले. "हवाली केलास न्हवं काल? मग उतरलेला माल पुन्ना गाडीत का भरायलास?"

रूथकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, या प्रकारावर भारी राग. कारण काका खाली ठेवलेलं सगळं उचलतात, फक्त छत्री विसरतात. दर पावसाळ्यात एक तरी जातेच. "काळज्या घेतो तर घिऊ द्या," काकू कडाडायच्या, "तुमचा देव छत्र्या बी ठिवून घ्यायलाय का?"

गेल्या पावसाळ्यात काकूंच्या पोटात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन ठरलं. जोखमीचं आहे, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. मी माझी गाडी काढली.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत काका स्ट्रेचरबरोबर काकूंचा हात धरून चालले. मी मागं थर्मास घेऊन. दारात वॉर्डबॉय म्हणाला, "बाबा, तुम्ही इथंच थांबा." काकांनी दुसऱ्या हातातली छत्री भिंतीला टेकवली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले. पण काकूंचा हात काही सुटेना. भर रस्त्यात क्षणात हात रिकामे करणारा हा माणूस त्या दारात तो एक हात धरूनच उभा होता.

काकू हसल्या. "अवं, सोडा की. समद्या गावाला सांगत फिरता न्हवं? मग करा हवाली."

काकांनी एकेक बोट सोडवलं. दार मिटलं. ते बाकावर बसले, दोन्ही तळहात उघडे धरून. नेहमीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. चेहऱ्यावर हळूहळू शांतता उतरत गेली. इतकी वर्षं मी रोज देव तळहातावर घेतो, पण हात एवढा उघडा असू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मी थर्मास खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी तसाच बसलो.

दुपार टळल्यावर दार उघडलं. गाठ काढली होती, काकू शुद्धीवर येत होत्या. काका उठले, पण हात धरायला झेपावले नाहीत. तळहात तसाच पुढं करून स्ट्रेचरच्या कडेला उभे राहिले. काकूंनी अर्धवट डोळे उघडले, भिंतीकडं पाहिलं आणि पुटपुटल्या, "छत्री?"

भिंतीपाशी छत्री नव्हती.

"गेली," काका म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "छत्री गेली. तू आली."

काकूंनी डोळे मिटले आणि चाचपडत आपला हात त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला.