शेवग्याखालची घोंगडी

"अवं, पावनं वळनावर आलं, आन तुमी झाडाला काय वंवाळताय?" सोनाबाई दारातून ओरडली.

येसाजी ओवाळत नव्हता. बांबूला पेटती चूड बांधून तो अंगणातल्या शेवग्यावरचे सुरवंट भाजत होता. बोरघाटात रूळ पडले त्या साली लावलेला हा शेवगा दर साल शेंगांआधी सुरवंट धरायचा. यंदा खोडानं कांबळं पांघरल्यासारखं दिसत होतं. सोनाबाई शिमग्यापासून 'तोडा' म्हणत होती. पण अख्ख्या चौक गावात असा शेवगा दुसरा नाही, आणि येसाजीकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नाही.

धग लागताच सुरवंट पटापट गळले. मेले थोडे, बाकीचे खाली दोरीवर वाळत घातलेल्या बैठकीच्या काळ्या घोंगडीत शिरले. येसाजीनं ती दोनदा झटकली, काळ्यावर काळं काही दिसेना, म्हणून समाधानानं ओटीवर अंथरली.

लेकीची, ठमीची, सोयरीक ठरायची होती. रीत अशी, की सुपारी फुटायच्या आत घोंगडीवरून कोणीही उठला की सोयरीक मोडली. गेल्या साली सुटलेलं वासरू धरायला येसाजी स्वतःच उठला होता. वासरू सापडलं, जावई गेला.

मुलाचा बाप शेलूचा भिवाजी. थोरल्या लेकाच्या सोयरिकीला हा सकाळी बसला, तो समोरच्याकडून सगळं कबूल करून घेऊन दिवेलागणीला उठला, अशी त्याची ख्याती. तो ऐन मध्यावर मांडी घालून बसला. शेजारी मध्यस्थ सखा.

"लगीन आमच्या दारात," भिवाजीनं आवाज लावला. "तुमी वऱ्हाड आमच्याकडं आनायचं. मानपान समद्यांचा. आन जेवान…" तो अडखळला. पोटरी हळूच घोंगडीवर घासली. घासली ते चुकलंच.

"काय झालं?" येसाजीनं विचारलं.

"काय नाय. तुमाला?"

"मला कुटं काय!" म्हणत येसाजीनं या कुल्ल्यावरचा भार त्या कुल्ल्यावर घेतला. सखा तर म्हशीसारखी पाठ ओटीच्या मेढीला, खांबाला, घासत होता.

"मानपान… ऱ्हाऊ द्या मानपान," भिवाजी मान खाजवत म्हणाला.

"आसं कसं? थोडा तरी करू की."

"नको म्हनतो ना! जेवान बी साधंच."

"आन लगीन?"

"तुमच्या दारात, देवळात, नदीत, कुटं बी! सखा, फोड रं सुपारी!"

"आडकित्ता आनतो…"

"उटू नको!" दोघे व्याही एकदम किंचाळले. सख्यानं सुपारी दाढेखाली फोडली, आणि तिघंही विहिरीकडे धावले.

सोनाबाईनं तेल आणून दिलं, नवऱ्याला नजरेनंच भाजलं. शरमून येसाजीनं कुऱ्हाड उचलली.

भिवाजीनं धोतराच्या निरीतून एक सुरवंट काडीवर घेतला, त्याच्याकडे बघितलं, मग वर शेवग्याकडे. तेलकट हातानं त्यानं कुऱ्हाड धरली.

"खुळं का काय, याही? तोडू नका. मला एक फांदी द्या. शेवगा फांदीवर जगतो नव्हं?"

"दारात लावू नका तुमी. सुरवंट धरतो."

"धरू दे. माजी धाकटी लेक उजवायची हाय. कर्जतची मानसं येनारत. लई येळ बसत्यात म्हनं."