म्हैस क्रमांक चार

आमच्या शेजारचे देसाई सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातल्या म्हशींना कुणी त्यांच्यासमोर नावानं हाक मारली की ते चिडायचे. "नाव दिलं की माया लागते, आणि माया लागली की संशोधन संपलं." त्यामुळे गोठ्याचे मालक शिवाजीराव जिला चंद्रा म्हणायचे, ती सरांच्या वहीत म्हैस क्रमांक चार होती.

रोज सकाळी सर गोठ्यासमोर स्टूल टाकून बसायचे. कोण कुणाशेजारी रवंथ करतं, कोण कुणाला चाटतं, सगळं लिहायचे. हात मात्र लावायचे नाहीत. बाकीची मंडळी धारोष्ण दूध पिऊन मिशा पुसायची. सर ग्लाससुद्धा नाकारायचे, कारण परीक्षार्थींकडून काही घ्यायचं नसतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं म्हशी पळवतात. सरांना प्रश्न पडला, म्हैस ओळखते कुणाला, माणसाला की गाडीला? त्यांनी शिवाजीरावांची गाडी मागून घेतली. ती थांबवायची कशी, हे विचारायचं तेवढं राहिलं. पाच मिनिटांत सर आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, आणि मागं चारही म्हशी. सेक्रेटरी ओरडत होते आणि सर वहीत लिहीत होते, "गाडीला." हा निष्कर्ष त्यांना मनातून आवडला नव्हता, हे मला दिसत होतं.

पुढं शिवाजीरावांचे गुडघे गेले आणि त्यांनी चंद्राला मुरगूडच्या नातेवाइकांकडं धाडलं. सर दोन दिवस तिच्या रिकाम्या जागेसमोर स्टूल टाकून बसले. तिसऱ्या दिवशी "निरीक्षण अपुरं आहे" म्हणत मला घेऊन एसटीत बसले. वाटेत मला समजावत होते, की जनावर नव्या जागी रुळतं, जुनं विसरतं, आपण अपेक्षा ठेवून जायचं नाही. मी काही विचारलंच नव्हतं.

शिवाजीरावांच्या मुरगूडच्या वहिनी म्हणाल्या, "आल्यापास्नं वैरणीला तोंड लावंना झालीया. कुणी जवळ गेलं की मान फिरवतीया."

सर लांबच उभे राहिले. तिथं गाडी नव्हती, शिवाजीराव नव्हते. सर नुसते खोकले. चंद्रानं मान वळवली, दावं ताणून पुढं आली आणि सरांची बाही चाटायला लागली.

सरांनी वही काढली, पण त्यांना लिहिता येईना. मग त्यांनी पहिल्यांदाच तिच्या कपाळावर हात ठेवला. "चंद्रा," ते म्हणाले आणि रडायला लागले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गेली पाच वर्षं त्या घरात त्यांच्या खोकण्याला वळून बघणारं कुणी नव्हतं, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला ते कळलं नव्हतं. मला लाज वाटली.

वहिनींनी सरांच्या हातात वैरण दिली. चंद्रा खायला लागली.

"सर, हप्त्यातनं एकदा तरी येत जावा की," वहिनी म्हणाल्या.

सरांनी चष्मा पुसला आणि जरा भीत भीतच विचारलं, "उद्या आलो तर चालेल?"